दिवेलागणीचा वारा

१

बांबू मोडल्याचा कडाड आवाज झाला तेव्हा लुंग काका इमारतीच्या दाराशी स्टुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आधी त्यांना वाटलं, वाऱ्याने परांचीचा एखादा वासा सुटला असेल. दुपारीच वेधशाळेने वादळाचा तीन नंबरचा इशारा लावला होता आणि यौ मा तेईच्या त्या अरुंद गल्लीत दुकानांच्या पाट्या तेव्हापासून खडखडत होत्या. काका बाहेर आले, मान वर केली आणि हातातल्या शेंगा तिथेच सांडल्या. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर परांचीची हिरवी जाळी पोटासारखी खाली लोंबत होती, आणि त्या पोटात एक माणूस होता.

"सितो सिफू!" काकांनी बोंब ठोकली. "अरे धावा! सिफू पडले!"

सितो हॉन-वा म्हणजे हाँगकाँगच्या रात्रीचे फोटो काढणाऱ्यांतला सगळ्यात जुना माणूस. शहरातले निम्मे फोटोग्राफर त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून सगळ्यांचेच ते सिफू, म्हणजे गुरुजी. रोज दिवेलागणीला ते आपल्याच इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावत. आज तिथूनच ते खाली आले होते. जाळीने आणि बांबूंनी जीव वाचवला, पण डोक्याला जबर मार बसला होता आणि शुद्ध नव्हती.

इन्स्पेक्टर मॉक सुई-लिन गच्चीवर पोचल्या तेव्हा वाऱ्याने त्यांचा स्कार्फ तोंडावर आपटला. गच्चीचा कठडा गुडघ्याच्या थोडा वर. त्याला लागून ट्रायपॉड उभा होता, तिन्ही पाय नीट रोवलेले, खालच्या आकड्याला जड पिशवी टांगलेली. वर कॅमेरा, तोंड गल्लीतल्या लाल-निळ्या पाट्यांकडे. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मात्र गायब होतं.

चोर कॅमेरा सोडून कार्ड नेत नाही.

"काका, वर कोण कोण गेलं होतं?" त्यांनी मागोमाग वर आलेल्या राखणदाराला विचारलं.

"मॅडम, या इमारतीला जिने दोन आणि राखणदार मी एकटा," लुंग काका म्हणाले. "मागच्या जिन्याने हत्ती चढला तरी मला कळायचं नाही."

"सिफूंचं कुणाशी वाकडं होतं?"

काकांनी आवाज खाली आणला. "वाकडं असं नाही. पण काल संध्याकाळी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. अख्ख्या मजल्याने ऐकलं. आणि आज मी एवढा ओरडतोय, सगळी गल्ली गोळा झाली, तरी मेई-यान लगेच खाली आली नाही. वरच्याच मजल्यावर राहते हो ती! उतरली ती बऱ्याच वेळाने. आणि गच्चीच्या जिन्यावरून उतरली."

२

इस्पितळात सिफूंच्या खोलीबाहेर एक चाळिशीतला माणूस सूपचा थर्मास मांडीवर घेऊन बसला होता. नीटनेटका शर्ट, डोळे रडून लाल. फोंग ची-हांग. सिफूंचा सगळ्यात लाडका शिष्य, आणि आता सिफूंपेक्षाही जास्त नाव झालेला. पुढच्या आठवड्यात शहराच्या नव्या कलादालनात त्याच्याच फोटोंचं प्रदर्शन उघडणार होतं.

"डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर येतीलही, नाहीही," तो म्हणाला. "आले तर सूप गरम असावं म्हणून आणलं. वेडेपणाच आहे, मला कळतं."

"विचारावं लागतं म्हणून विचारते. दिवेलागणीला कुठे होता तुम्ही?"

"त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर. फोटो काढत होतो." त्याने आपणहून कॅमेऱ्यातला फोटो उघडून पुढे केला. "घ्या, ठेवून घ्या. वेळ त्यातच नोंदलेली आहे."

वेळ अगदी तीच होती, बांबू मोडल्याची. फोटो बघून मॉक मॅडम क्षणभर कामच विसरल्या. पलीकडच्या बेटावरचे उंच मनोरे लखलखत होते, तरी एकेक खिडकी वेगळी दिसत होती. वर गडद निळ्या आकाशाची पट्टी. खाडीचं पाणी सायीसारखं गुळगुळीत, त्यावरून गेलेल्या फेरीबोटीच्या दिव्यांची लांबच लांब सोनेरी रेघ. आणि अलीकडे, धक्क्याच्या कडेला, शरद पौर्णिमेच्या सणासाठी टांगलेल्या लाल कंदिलांची ओळ. प्रत्येक कंदिलाच्या गोंड्याचा धागान् धागा मोजून घ्यावा.

"मी फोनवर काढते तेव्हा नुसते पांढरे डाग येतात," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांचेच येतात. लोक काळोख व्हायची वाट बघतात, तिथेच चुकतं," फोंग म्हणाला. शिकवायची संधी मिळताच त्याचा आवाज सावरला. "आकाशात निळाई शिल्लक असते ना, तेवढ्यात काढायचा. दिवे आणि आकाश तेव्हा एका तोलाचे असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर अर्धं मिनिट उघडं. आणि हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा."

"असे फोटो दोन-तीन जोडून करतात म्हणे?"

फोंगच्या चेहऱ्यावर थोडा राग आला. "जोडणारे जोडतात. हा एकच फोटो आहे, कॅमेऱ्यातून निघाला तसा. सिफूंच्या शिष्याने जोडाजोडी केली तर ते कान उपटतील."

मग त्याने खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "मॅडम, मेई-यानवर फार कडक होऊ नका. कितीही झालं तरी मुलगी आहे."

कडक व्हावं असं तिने काय केलंय, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

३

सितो मेई-यान तिशीची होती, बापाच्याच हाताखाली फोटो शिकलेली. घरात सगळीकडे फोटोंची खोकी, मधे एक जेवणाचं टेबल, त्यावर झाकून ठेवलेला दोन माणसांचा भात. तो कालपासून तसाच असावा.

"तू गच्चीवर होतीस," मॉक मॅडम थेट म्हणाल्या.

"काकांनी आरडाओरडा केला म्हणून धावले. बाबा वर असतात ना."

"मग खाली यायला एवढा वेळ का लागला?"

"पाय चालेनात."

"आणि हात? ते तर चालले. कार्ड कुठे आहे?"

मेई-यान झाकलेल्या भाताकडे बघत राहिली. बाहेर वाऱ्याने खिडकीची काच थरथरली. मॉक मॅडमना असल्या शांततेची भीती वाटे. माणसं अशा वेळी एकतर खरं बोलत किंवा कायमची मिटून जात. वरिष्ठांनी सकाळीच बजावलं होतं: बाप म्हातारा, मुलीशी भांडण, कठडा बुटका. एक तर अपघात म्हणून टाका किंवा मुलीला आत घ्या, पण सणाआधी मिटवा.

"मेई-यान, फार वेळ नाही माझ्याकडे. तुझ्याकडे तर त्याहून कमी आहे."

मुलीने उठून तांदळाच्या डब्यात हात घातला आणि कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"बाबांना आता नीट दिसत नाही," ती म्हणाली. "पायरी चुकते, चहा कपाबाहेर ओततात. डॉक्टरकडे चला म्हटलं की भडकतात. परवा त्याच्यावरूनच भांडलो. मला म्हणाले, 'येत्या आठवड्यात सगळ्यांना खरं सांगून टाकतो. लपवून किती दिवस काढायचे?' मला वाटलं, डोळ्यांबद्दल बोलताहेत. मी गच्चीवर पोचले तर ते नव्हते. कठड्यावरून वाकून पाहिलं..." तिने कार्ड पुढे सरकवलं. "मागे कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दिसत होता. नुसता फराटा. सितो हॉन-वाने असा फोटो काढला! मला वाटलं, तो पाहूनच त्यांनी... आणि उद्या सगळं शहर तो पाहणार. म्हणून काढून घेतलं."

म्हणजे तिने बापाची उडी लपवली होती. निदान तिची तशी समजूत होती.

मॉक मॅडमनी कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. संध्याकाळचे फोटो एकामागून एक सरकले. पाट्यांवरची अक्षरं ओळखू येत होती, पण प्रत्येकाला दुहेरी कड होती, जणू थंडीने कुडकुडत असावीत. मग शेवटचा. त्यात लाल-निळ्या दिव्यांच्या रेघा आधी आडव्या गेल्या, मग आकड्यासारख्या वळल्या आणि सरळ खाली कोसळून काळोखात संपल्या.

"थांब," मॉक मॅडम म्हणाल्या. "हे कशाने होतं?"

मेई-यानने डोळे पुसून पाहिलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच मुलगी म्हणून नव्हे, फोटोग्राफर म्हणून बघत होती.

"शटर उघडं असताना ट्रायपॉड कलंडला."

"पूर्ण आडवा पडला?"

"हो. शेवटी काळं आहे ना? लेन्स जमिनीला टेकली."

"तू पोचलीस तेव्हा ट्रायपॉड कसा होता?"

मेई-यानने पुन्हा त्या शेवटच्या काळोखावर बोट ठेवलं.

"उभा," ती म्हणाली. "नीट उभा होता."

गच्चीवरून पडलेला माणूस ट्रायपॉड उचलून ठेवायला परत येत नाही.

४

म्हणजे सिफूंबरोबर गच्चीवर कुणीतरी होतं. मेई-यान नसेल, तर कोण? तीच असेल तर तिने हा फोटो दाखवलाच नसता, एवढं मॉक मॅडमना पटलं होतं. पण वरिष्ठांना तेवढं पुरणार नव्हतं.

वादळ दक्षिणेला रेंगाळत होतं, इशारा अजून उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर्य कलताच मॉक मॅडम मेई-यानला घेऊन त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर गेल्या.

"मला फोटो शिकव," त्या म्हणाल्या. "फोंगसाहेबांनी काढला तसाच, तिथूनच."

"आत्ता? या वाऱ्यात?"

"त्यांनी याच वाऱ्यात काढला होता."

मेई-यानने ट्रायपॉडचे पाय पसरले, मधला दांडा खालीच ठेवला, आकड्याला आपली पिशवी टांगली आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडोशासारखी उभी राहिली. धक्क्यावर ही गर्दी! जो तो फोन वर धरून उभा, टोप्या उडताहेत, पोरं किंचाळताहेत. पलीकडे बेटावर एकेक मनोरा उजळत गेला. आकाश निळं झालं, मग आणखी निळं.

"आता," मेई-यान म्हणाली. "सगळ्यात झगझगीत पाटीची अक्षरं वाचता येतील एवढाच उजेड आत घ्यायचा. बाकीचं अंधारं राहिलं तरी राहू दे. बटण हाताने नाही दाबायचं, दोन सेकंदांनी आपोआप उघडेल असं ठेवायचं."

शटर उघडलं. मॉक मॅडमनी खरोखरच श्वास जपून घेतला. एक फेरीबोट समोरून गेली. शटर मिटलं.

पडद्यावर फोटो आला. पाणी सायीसारखं होतं, बोटीची सोनेरी रेघ होती, मनोऱ्यांना जराशी दुहेरी कड होती. आणि कंदील नव्हतेच. ते होते तिथे लाल धुरासारखा एक पट्टा तेवढा फासलेला होता.

मॉक मॅडमनी मान वर करून पाहिलं. डोक्यावर कंदिलांची ओळ वाऱ्याने सैरावैरा उसळ्या मारत होती.

"पुन्हा काढ."

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

"कंदील स्पष्ट यायला काय करावं लागेल?"

"शटर झटकन मिटवावं लागेल. पण मग पाणी गुळगुळीत येणार नाही, बोटीची रेघही उमटणार नाही. एकाच फोटोत दोन्ही हवं असेल तर..." मेई-यान बोलता बोलता थांबली. "तर वारा पडलेला हवा."

मग ती एकदम आपल्याच फोटोकडे वळली, मनोऱ्यांच्या त्या दुहेरी कडांकडे. बोट ठेवून तिने चित्र मोठं केलं.

"बाबांच्या फोटोतही अशीच कड होती," ती पुटपुटली. "सगळ्या अक्षरांना, एकाच बाजूला. फोकस नेमका होता. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरत होता, बस. आणि मी समजले..." ती कठड्याला धरून खालीच बसली आणि एवढ्या गर्दीत हुंदके देऊन रडायला लागली.

मॉक मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मन भलतीकडे धावत होतं. एकच संध्याकाळ, एकच घटका, दोन फोटो. एकात वाऱ्याने जड ट्रायपॉड हलवला, दुसऱ्यात गोंड्याचा धागासुद्धा हलला नाही. आणि 'खरं सांगून टाकतो' हे म्हातारा डोळ्यांबद्दल बोललाच नसेल तर?

"मेई-यान, बाबांजवळ आत्ता कोण आहे?"

"ची-हांगदादा. रोज या वेळेला तोच बसतो. मला म्हणाला, तू जा, मी आहे."

मॉक मॅडम गाडीकडे धावल्या. खोलीवर पहारा ठेवलेला नव्हता. अपघातात पडलेल्या म्हाताऱ्याला पहारा कशाला, म्हणून वरिष्ठांनी नकार दिला होता.

५

नेथन रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मेई-यान इस्पितळात फोन लावत होती. वाजून वाजून बंद होत होता. मॉक मॅडमनी ठाण्यातून माणसं मागवली, पण तीही याच गर्दीत अडकणार हे त्यांना दिसत होतं.

"काहीतरी कर त्या हातांनी," त्या मेई-यानला म्हणाल्या, कारण मुलगी फोन मुठीत आवळून नुसती बसली होती. "त्या संध्याकाळी धक्क्यावर शेकडो लोक फोटो काढत होते. त्यांनी ते इंटरनेटवर आपापल्या पानांवर टाकले असतील. शोध."

इस्पितळाच्या जिन्यावरून दोघी धावतच वर गेल्या. खोलीचं दार लोटलेलं होतं. मॉक मॅडमनी ते ढकललं.

फोंग पलंगाशी बसला होता. सिफूंचा हात त्याच्या दोन्ही हातांत होता. पलंगाशेजारच्या यंत्रावर हिरवी रेघ चालू होती. मॉक मॅडमनी आधी तेवढंच पाहिलं.

"हळू," फोंग म्हणाला. "त्यांच्या पापण्या हलल्या आत्ता."

"हात सोडा त्यांचा. बाहेर या."

व्हरांड्यात त्याने शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "काय झालं मॅडम?"

"तुमचा फोटो फार सुंदर आहे," मॉक मॅडम म्हणाल्या. "त्या वाऱ्यात तो निघूच शकत नाही, एवढीच अडचण आहे."

"वारा मधेच पडतो कधी कधी. नशीब लागतं."

"अर्धं मिनिट?" मागून मेई-यान म्हणाली. तिने फोन त्याच्यासमोर धरला. "हे बघ, दादा. त्याच संध्याकाळचे, त्याच वेळेचे, अनोळखी लोकांनी टाकलेले. सगळ्यांत कंदील आडवे झालेत. इथे तर एक तुटून उडतोय. आणि तुझ्या फोटोत एकूण एक जागेवर आहे."

फोंगने फोनकडे पाहिलं नाही.

"तुमच्याच तोंडून ऐकलंय, तो जोडलेला नाही," मॉक मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तो दुसऱ्या कुठल्यातरी संध्याकाळचा आहे, वारा नसलेल्या. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी पुढच्या तारखेवर नेलंत, फोटो काढलात, घड्याळ पुन्हा जागेवर आणलंत. मग ठरलेल्या संध्याकाळी, त्याच वेळेला मागच्या जिन्याने गच्चीवर गेलात. वादळ येणार हे फोटो काढताना ठाऊक नव्हतं. आलं तेव्हा थांबायला हवं होतं. का नाही थांबलात?"

फोंग भिंतीला टेकला.

"उद्घाटनाला दिवस राहिले नव्हते," तो म्हणाला. "मला नाव मिळालं तो फोटो आठवतो? पावसातली जुनी पाटी, कोंबड्याची? मी तिथे पोचलो तेव्हा पालिकेने पाटी कापून नेली होती. नुसती भिंत उरली होती. सिफूंनी पूर्वी तिचा फोटो काढलेला होता. त्यातून पाटी उचलली आणि माझ्या पावसात बसवली. कुणाला कळलं नाही. आता प्रदर्शनासाठी भिंतीएवढा मोठा केला, तेव्हा सिफूंनी ओल्या रस्त्यातलं पाटीचं प्रतिबिंब पाहिलं. ते मी चुकीच्या बाजूला बसवलंय."

"आणि ते बोलणार होते."

"मला म्हणाले, तूच सांग. उद्घाटनाआधी सांग, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. नाही सांगितलंस तर मला सांगावं लागेल." त्याने डोळे मिटले. "रागावले असते तर बरं झालं असतं."

"त्यांनी दिलेल्या मुदतीत तुम्ही हा धक्क्यावरचा फोटो तयार केलात."

"हो."

"आणि ट्रायपॉड?"

"झटापटीत पडला. सिफूंचा कॅमेरा असा जमिनीवर..." तो अडखळला. "बघवेना. हात आपोआप गेला, उचलून ठेवला. कार्ड काढायचंही सुचलं नाही."

मेई-यानने हात उगारला होता. तो तसाच हवेत राहिला. मग ती त्याच्याकडे पाठ करून खोलीत गेली. ठाण्यातली माणसं जिना चढून आली तेव्हा फोंगने त्यांच्यापुढे मनगटं स्वतःच धरली.

६

सितो हॉन-वांनी डोळे उघडले ते सणाच्या सकाळी. डॉक्टर म्हणाले, डोकं सावरेल. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काढता येईल, इतकी वर्षं अंगावर का काढला? मेई-यान एकाच वेळी हसली आणि रडली.

मॉक मॅडम पलंगाच्या पायाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. म्हाताऱ्याला गच्ची आठवत नव्हती, वारा आठवत नव्हता. काहीच आठवत नव्हतं. तो शांतपणे छताकडे बघत होता, आणि मॉक मॅडमना ती शांतता मोडायची होती. या नोकरीत दार फोडणं त्यांना कधी जड गेलं नव्हतं. हे जात होतं.

"बाबा, थोडं पाणी घ्या," मेई-यान म्हणाली.

त्यांनी घोटभर घेतलं. मग खोलीत कुणाला तरी शोधल्यासारखी मान वळवली.

"ची-हांग दिसत नाही," ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "बाहेर बसला असेल. काळजी लागली की तो जेवत नाही. जेवला का बघ गं पोराला."

मेई-यानने मॉक मॅडमकडे पाहिलं. तिच्या हातातला पेला कलला आणि पाणी चादरीवर सांडलं. मॉक मॅडमनी तो तिच्याकडून घेऊन बाजूला ठेवला, खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ सरकवली आणि म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

"जेवला, सिफू," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे आहे. मी सांगते तुम्हाला सगळं. तुम्ही नीट पडून घ्या आधी."